फायरवॉलचे चूलबंद आवतण

माझा चुलतभाऊ जनार्दन प्रत्येक हळदीला, आणि एकदा तर एका उत्तरकार्यालाही, एक गोष्ट सांगत आला आहे. 'आमचा हरी स्वतःच्याच सर्व्हरच्या बाहेर अडकला, आणि मी बटण बंद-चालू करून त्याला आत घेतला', अशी ती गोष्ट. लोक पोट धरून हसतात. हे प्रकरण मी त्या गोष्टीच्या निरसनार्थ लिहीत आहे. तीत सत्य एवढेच आहे की माझे नाव हरी आहे आणि मी बाहेर अडकलो होतो. बटणाचा भाग निखालस खोटा आहे आणि तो का खोटा आहे, हे तांत्रिक आधारावर मी यथावकाश सिद्ध करीन. दुसरा आक्षेप माझ्या मुलीचा. जडणघडणीच्या आठवणींत तेहतिसाव्या वर्षाचे प्रकरण कसे, असे तिने मला लेखी विचारले. माणूस विसाव्या वर्षी वाढून पूर्ण होतो हे मत ज्यांना पटत असेल त्यांनी ते खुशाल बाळगावे. मी तेहतिसाव्या वर्षी अविवाहित होतो, आईच्या हातची भाकरी खात होतो आणि वडिलांना विचारून केस कापत होतो. माझी वाढ तोवर झालेली नव्हती. ती पुढे एका दिवसात, सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळेत झाली.

आम्ही अंबरनाथला दोन खोल्यांत राहत असू. बाबा एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले होते, पण पाळीचा भोंगा झाला की त्यांचा हात आपोआप डब्याकडे जाई. भोंगा अर्धा मिनिट उशिरा वाजला तर ते खिडकीत उभे राहून भोंग्यालाच जाब विचारत. आईचा दिवस तांदळाच्या भाकरीच्या थापटण्याने सुरू होई. तो आवाज बंद पडला की भाकरी तव्यावर गेली, आणि तव्यावरून सुकटीचा वास आला की मी अंथरुणातून उठायचे, असा नियम होता. वालाच्या बिरड्यात आई आमसूल किती घालते यावरून तिचा राग ओळखता येत असे. आमचे मूळ गाव जांभूळ. पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राच्या अलीकडे आमच्या थोरल्या काकांचे घर. त्या घराची पायरी आम्ही अकरा वर्षे चढलेलो नव्हतो, आणि त्याचे कारण सांगितल्याशिवाय पुढचे काहीच समजणार नाही.

आमच्याकडे लग्नाचे आवतण दोन प्रकारचे. एक एकट्याचे, म्हणजे घरातल्या एका माणसाने जेवायला यायचे. दुसरे चूलबंद, म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटायची नाही. म्हातारेकोतारे, सुना, नातवंडे, सगळ्यांनी यायचे. माझ्या बहिणीच्या लग्नात अक्षता वाटायला गेलेल्या माणसाने काकांच्या दारात 'चूलबंद' हा शब्द उच्चारला नाही. विसरला असेल; पण आमच्या बाजूने मी हे आजही ठामपणे सांगतो की यादीत तो शब्द होता, कारण यादी आईच्या हातची होती आणि आईची यादी चुकत नसे. काका लग्नाला एकटे आले. पंगतीत एकटे बसून जेवले, आहेर केला, घरी गेले आणि अंगणात उभे राहून काकींना मोठ्याने म्हणाले, "पेटव चूल." तो धूर साऱ्या गावाने पाहिला. त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलला नाही.

आता सर्व्हरकडे येतो. मी उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये लच्छूशेठ या सिंधी गृहस्थाकडे नोकरीला होतो. शेठ आधी पडद्यांचे कापड विकत. मग त्यांना कोणीतरी सांगितले की आता इंटरनेट विकले जाते. जीन्स शिवणाऱ्या कारखान्याच्या माळ्यावर आमचे ऑफिस होते. खाली चाळीस शिलाई मशिने एकदम धडधडत, त्यामुळे मी लिहिलेल्या प्रत्येक ओळीला पायाखालून हादरा असे. दारावर माझ्या हुद्द्याची पाटी होती, 'सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटर', रंगाऱ्याने जागा संपल्यामुळे शेवटची दोन अक्षरे चौकटीवर काढलेली. शेठना मी विंडोज नको, लिनक्स घ्या, असे पटवले, ते त्यातील सुरक्षिततेमुळे. ते फुकट असते म्हणून शेठना पटले, हे कॅम्प दोनमधील काही मंडळींचे म्हणणे संपूर्ण चुकीचे नसले तरी अपुरे आहे.

कॅम्पात वीज दिवसातून चारदा जाई. म्हणून शेठनी वीज न जाणाऱ्या जागेचा शोध घेतला आणि जांभूळला, पाण्याच्या केंद्राच्या वीजवाहिनीवरच्या एका घरात खोली भाड्याने घेऊन सर्व्हर तिथे बसवला. ते घर थोरल्या काकांचे होते. शेठना आमचे नाते ठाऊक नव्हते. मी सांगितले नाही. तिथे जाणे मला अशक्य होते. म्हणून मी त्या यंत्राची सगळी देखभाल कॅम्प दोनमधून, तारेवरून करू लागलो. इतरांना जे काम तिथे खुर्चीत बसून जमत नसे, ते मी सात-आठ किलोमीटरवरून करीत असे. लोक विचारतात, एवढे कौशल्य कुठे शिकलात. मी भाऊबंदकीत शिकलो. काकींनी मला पुढे सांगितले की सकाळी दहाला यंत्रावरचे हिरवे दिवे भराभर लुकलुकू लागले की काका पडवीतून म्हणत, "हरी कामावर आयला." अकरा वर्षांत आमच्या दोन घरांचा एवढाच काय तो संपर्क. काका त्या यंत्राची पूजा करीत, हे जनार्दनाचे विधान अतिशयोक्त आहे. दसऱ्याला त्यांनी त्याला झेंडूची माळ घातली; ती ते कोयत्यालाही घालत.

एके दिवशी मला नोंदवहीत, म्हणजे यंत्र स्वतः ठेवते त्या नोंदींत, असे दिसले की कोणी परका 'रूट' या सर्वाधिकारी नावाने आत शिरायचा प्रयत्न करतो आहे. मी शेठना सांगितले.

"आने दे," शेठ म्हणाले. "ग्राहक होगा."

"शेठ, तो चोर आहे."

"चोर भी कभी ग्राहक बनता है. दरवाज़ा बंद करेगा तो धंधा कैसे होगा, साईं?"

तिसऱ्या दिवशी त्या परक्याने आमच्या सर्व्हरवरून हजारो लोकांना टक्कल घालवण्याच्या तेलाची जाहिरात पाठवली, आणि ती खुद्द शेठनाही मिळाली. शेठना टक्कल होते. त्यांनी टोपी काढून टेबलावर आपटली. "बंद कर! सबको बंद कर! जिसको मैं बोलूँगा वही अंदर आएगा."

मला हेच हवे होते. आधी सगळ्यांना मज्जाव करायचा आणि मग ज्यांची नावे यादीत असतील तेवढ्यांनाच आत सोडायचे, हाच फायरवॉलचा उत्तम प्रकार. यादी करायची तर आमच्या घरात अधिकारी व्यक्ती एकच. रविवारी दुपारी जेवणे झाल्यावर मी सगळ्या ग्राहकांच्या कॉम्प्युटरांचे पत्ते घेऊन आईसमोर बसलो.

"ही ओळ कोणाची?" आईने विचारले.

"अंबरनाथची रंगांची फॅक्टरी. त्यांच्याकडे वीस कॉम्प्युटर."

"मग एकेकाचं नाव काय लिहितोस? चूलबंद लिही."

मी थक्क झालो. पत्त्यांचा सबंध पट्टा एकाच ओळीत आत घ्यायचा, ही युक्ती पुस्तकात सव्वीस पाने खाते. आईने ती सुपारी कातरत सांगितली. छापखान्याला एकट्याचे, बदलापूरच्या शाळेला चूलबंद, अशी संध्याकाळपर्यंत यादी झाली. बाबांनी ती खड्या आवाजात दोनदा वाचली, कोणी राहिले का म्हणून. कोणी राहिले नव्हते. आमच्या घरात झालेली ती सर्वांत निर्दोष यादी होती, आणि मी अजूनही तिच्या पाठीशी उभा आहे.

सोमवारी अकरा वाजता मी ती यादी, यंत्र सुरू होतानाच जी वाचते त्या आरंभ-फाइलीत लिहिली आणि लागू केली. पुस्तकात एक सल्ला होता: दूरच्या यंत्रावर फायरवॉल लावताना, पाच मिनिटांनी नियम आपोआप पुसले जातील अशी तजवीज आधी करावी. तो भित्र्या लोकांसाठी आहे असे मी समजलो. कळ दाबली. पडद्यावरची चौकोनी खूण एकदा लुकलुकली आणि थांबली. मी अक्षर दाबले, उमटले नाही. खालची चाळीस मशिने धडधडत होती, आणि माझ्या हातातली तार मात्र निर्जीव झाली होती.

दहा मिनिटे मी तारेला दोष दिला. मग यादीची घरची प्रत काढून वाचली. तीत माझा पत्ता नव्हता. एवढेच नव्हे, यंत्र ज्या पत्त्यावरून स्वतःशी बोलते तो त्याचा स्वतःचा पत्ताही नव्हता. म्हणजे ग्राहक दारातून आत जात होते आणि आत कोणी कोणाशी बोलत नव्हते. आता यावर पुष्कळांनी पुष्कळ शेरे मारले आहेत. मी एवढेच विचारतो: लग्नाच्या यादीत यजमानाचे नाव कोण लिहितो? घरच्या माणसाला आवतण द्यायचे, हे आमच्या सात पिढ्यांत कोणाच्या मनात आले नसते. चूक झाली असेल तर ती सभ्यपणाची झाली.

साडेअकराला रंगांच्या फॅक्टरीतून फोन आला. तिथल्या प्रयोगशाळेत शालिनी नावाच्या रसायनतज्ज्ञ होत्या. दोन वर्षे त्या मला तक्रारीसाठी फोन करीत. मी त्यांना कधी पाहिलेले नव्हते, पण त्यांच्या आवाजाचे चढउतार मला तोंडपाठ होते.

"तुमची मेल बंद आहे," त्या म्हणाल्या. "पाच वाजता आमचा माल बोटीवर चढतोय. त्याआधी तपासणीचा अहवाल पोचला नाही तर सगळा माल परत येईल. तुम्हाला कळतंय ना, काय म्हणते ती?"

"होईल, मॅडम."

"'होईल' हे तुम्ही मागच्या वेळीही म्हणाला होतात."

शेठनी पलीकडच्या फोनवरून सगळे ऐकले होते. "पाँच बजे तक मेल नहीं गया तो पार्टी गई," ते शांतपणे म्हणाले, आणि त्यांचे शांत होणे भयंकर असे. "पार्टी गई तो तू भी गया. पाटी मैं ख़ुद उतारूँगा."

आत शिरायचा एकच मार्ग उरला होता: यंत्राला जोडलेला कीबोर्ड. तो काकांच्या घरात, काकांच्या कुलपात होता. मी स्कूटर काढली. कॅम्प दोन ते जांभूळ या प्रवासात मी ती पायरी न चढण्याच्या अकरा वर्षांच्या प्रतिज्ञेच्या बाजूने आणि विरुद्ध सगळे मुद्दे मांडले आणि पोचलो तेव्हा प्रतिज्ञा जिंकलेली होती. परंतु स्कूटर अंगणात उभी होती.

काका पडवीत बसून जाळे विणत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोन?"

"मी हरी."

"कोनचा हरी?"

"तुमच्या धाकट्या भावाचा."

"मना भाव हाय, ह्ये आजच समजला." जाळ्याची गाठ ओढून ते म्हणाले, "सकालपासना दिवं गप हायीत. मी बोललू, हरी आजारी परला."

"काका, मला दहा मिनिटं आत जाऊ द्या. माझी नोकरी जाईल."

"आवतण हाय?"

"कसलं?"

"माजे घरान येवाला तुला आवतण हाय? नाय ना? मी बी बिनआवतणाचा कुठं जात नाय. आवतण एकट्याचा असला तं एकटाच जातू. तुजे बापाला इचार."

दारात काकांचा जनार्दन येऊन उभा राहिला. तो हसत होता. त्या दिवशी त्याने केलेले काम एवढेच. दीड वाजला, दोन वाजले. काकींनी मला पडवीच्या बाहेर पाणी आणून दिले, कारण पायरीच्या बाहेर पाणी देण्याला आवतणाची गरज नसते. शेवटी काकांनी जाळे बाजूला ठेवले.

"आमाला चूलबंद आवतण दे," ते म्हणाले. "तुमचे घरचा. मंग मी तुला आवतण दीन."

"पण काका, आमच्याकडे कार्यच नाही काही!"

"तं बस."

मी घड्याळ पाहिले. सव्वातीन झाले होते. माझ्यापुढे दारावरची पाटी दिसू लागली, चौकटीवरच्या शेवटच्या दोन अक्षरांसकट. मी स्पष्ट आवाजात म्हणालो, "माझं लग्न आहे. तुम्हा सगळ्यांना चूलबंद आवतण."

जनार्दनाचे हसू थांबले, हे मी मुद्दाम नोंदवतो.

"पोरगी कोनची?" काकींनी विचारले.

त्या क्षणी मला जगातल्या एकाच स्त्रीचे नाव आठवत होते, कारण ती त्या सकाळीच माझ्यावर ओरडली होती. "शालिनी," मी म्हणालो. "रंगांच्या फॅक्टरीत आहे."

काकांनी करगोट्याची किल्ली काढून कुलूप उघडले. जनार्दन म्हणतो की याच वेळी त्याने यंत्र बंद-चालू केले. त्याने ते केले, हे मी मान्य करतो. मी ओरडण्याआधीच त्याने केले. पण नियम मी आरंभ-फाइलीत लिहिले होते. यंत्र शंभर वेळा बंद-चालू केले असते तरी ते दर वेळी उठून तेच नियम आधी लावणार होते. झाले तेच. शिवाय उठायला यंत्राने बावीस मिनिटे घेतली, आणि ती बावीस मिनिटे मी जनार्दनाच्या नावावर लिहून ठेवलेली आहेत. मग मी कीबोर्डापुढे बसलो आणि यादीत दोन ओळी वाढवल्या. काका खांद्यावरून पाहत होते.

"ह्ये क लिवलास?"

"पहिली ओळ यंत्राचं स्वतःला आवतण. दुसरी माझं मला."

"सोताला आवतण?" काका म्हणाले. "शिकल्याली मानसा तुमी. आमचा नाव घाल."

"काका, तुमच्याकडे कॉम्प्युटर नाही."

"नसू दे. चूलबंद घाल."

मी घातले. दोनशे चोपन्न पत्त्यांचा पट्टा काकांच्या घराला बहाल केला. त्यांतून कधी कोणी आले नाही.

पावणेपाचला मी काकांच्या फोनवरून फॅक्टरीत फोन लावला. शालिनीबाई म्हणाल्या, "थांबा, बघते." एवढ्यात काकांनी रिसीव्हर माझ्या हातून काढून घेतला. "पोरी, मी हरीचा मोठा काका. तुमचा लगीन कवा हाय? आमी अकरा जना येवाचं हाव, चूलबंद." मी भिंतीला टेकलो. पलीकडून तो परिचित आवाज मलाही ऐकू येईल एवढ्या स्पष्टपणे म्हणाला, "काका, अहवाल पोचला आहे. दुसऱ्या विषयाबद्दल त्यांना मला लेखी कळवायला सांगा."

घरी बाबांना ही बातमी माझ्याआधी पोचली होती. काकांनी भावाला फोन केला होता. मी प्रतिज्ञा मोडली याबद्दल बाबा एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी विचारले, "दारात उभं राहून नीट उच्चारलंस ना? 'चूलबंद' म्हणालास?" मी हो म्हणालो. "मग आता कार्य करावं लागेल," ते म्हणाले आणि आईला पंचांग काढायला सांगितले. आईने त्या रात्रीच्या बिरड्यात आमसूल घातलेच नाही.

मी लेखी कळवले. चार ओळींची मेल होती, कामकाजाच्या भाषेत, दिलगिरी आणि प्रस्ताव एकत्र. उत्तर आले नाही. मंगळवार गेला, बुधवार गेला. मी नकार गृहीत धरला आणि स्वतःला कामात बुडवले. फायरवॉल उत्कृष्ट चालली होती. नोंदवहीत रोज संध्याकाळी सव्वासातला बदलापूरहून कोणी परका दार ठोठावताना दिसे आणि यंत्र त्याला परतवून लावी. चार दिवस तो चिवटपणे येत राहिला. मी शेठना नोंदी दाखवल्या. शेठनी पेढे मागवले आणि खालच्या चाळीस कारागिरांना बदलापूरच्या हॅकरची हकीकत स्वतः सांगितली.

शनिवारी सकाळी फोन आला.

"तुम्ही लेखी विचारता आणि दार लावून बसता?" शालिनीबाई म्हणाल्या. "घरगुती पत्र फॅक्टरीच्या मशिनवरून पाठवणं मला बरं वाटेना. चार दिवस घरी जाताना बदलापूरला सायबर कॅफेत जाऊन बसते आहे. तुमचा सर्व्हर मला आत घेत नाही."

मी विचारले, "उत्तर काय आहे?"

"आधी यादीत घाला. मग वाचा."

मी घातले. तिचे म्हणणे असे की त्या मेलमध्ये तिने 'विचार करते' एवढेच लिहिले होते. मी ती वाचली आहे. तीत होकार होता. डिस्क पुढे जळाल्यामुळे दोन्ही बाजूंना पुरावा नाही, आणि पुरावा नसताना मी माझे मत बदलत नाही.

लग्न अंबरनाथला झाले. काका चौदा जणांना घेऊन आले, आणि बाबांनी त्यांना मांडवाच्या दारापासून हाताला धरून आणले. जेवणाच्या वेळी शेठ आमच्या पाटांपाशी येऊन बसले आणि नव्या नवरीला त्यांनी माझा मोठेपणा सांगायला घेतला. "रोज सवा सात बजे, बेटी. बदलापूर का था. बहुत ख़तरनाक. चार दिन ये अकेला लड़ा." मी भाताकडे पाहत होतो. एरवी मी कोणाची आवृत्ती दुरुस्त केल्याशिवाय राहत नाही.

"आख़िर डर के भाग गया," शेठ म्हणाले.

"भागा नहीं, शेठजी," शालिनी मला वरण वाढत म्हणाली. "अंदर आ गया."